काळीतलं घर

“बाबा, आपण नांदुऱ्याले घर घ्याले आल्तो का वावर?”

द्वारकानं हे एका दमात विचारलं आणि लगेच भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवून तोंडात टाकला, म्हणजे हसू आलं तरी बाहेर फुटायला नको. प्रश्न तिच्या डोक्यातला नव्हताच मुळी. दुपारी शाळेच्या हौदापाशी बेबी आणि मैना या तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात बांधला होता. “टेशन मास्तराले विचारलं, हेडमास्तराले विचारलं, त्यात काय मोठं?” बेबी म्हणाली होती, “घरी जाऊन बापाले विचारून दाखव. तवा मानू तुले.”

पैजेला मागं हटेल ती द्वारका कसली! गेल्या वर्षापर्यंत ही पोरगी हजेरीला ‘हजर’सुद्धा धड म्हणत नव्हती. तिच्या तोंडून ‘का’ऐवजी “काऊन” निघालं की पुण्याहून आलेल्या बाई कपाळाला आठ्या घालायच्या आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. पण यंदा संमेलनात कुणीतरी तापानं पडलं म्हणून ऐनवेळी हिला भाषणाला उभं केलं, आणि ती जी सुटली ती सुटलीच. टाळ्यांवर टाळ्या. तेव्हापासून तिच्या जिभेला पाय फुटले होते. मैत्रिणींनी सांगायचा अवकाश, ही जाऊन विचारून यायची. “मास्तर, तुमची गाडी मागं हाये का घड्याळ पुढं?” हे तिनं नांदुरा स्टेशनात उभं राहून विचारलं तेव्हा फलाटावरचे हमालसुद्धा पोट धरून हसले होते.

तिला वाटलं, बाबाही हसतील. उकंडराव माणूसच तसा हसरा. बाजारात वांगी विकताना, “घे मावशे, वांगं नाही, लेकरू हाये माह्यं,” म्हणून तराजूत टाकणारा. पण उकंडराव हसले नाहीत. त्यांनी ताटात अर्धी भाकरी शिल्लक असताना हात धुतला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. घराकडं पाठ करून.

“काय बोलून बसली वं भवाने!” माय, वच्छलाबाई, चुलीपासून फुंकणी घेऊनच उठली. “कोणं शिकोलं तुले हे?”

“बेबीनं. अवं माय, गंमत हाये ते.”

“गंमत!” वच्छलाबाईंचा वर गेलेला हात तसाच राहिला. मग फुंकणी खाली ठेवून त्या मटकन बसल्या. “म्हणजे गावभर हसू होऊन राह्यलं आपलं.”

द्वारकानं हातातला तुकडा ताटात परत ठेवला.

हा प्रश्न एवढा का झोंबला, ते कळायला जरा मागं जावं लागेल.

धामणगाव बढ्याला उकंडरावांचा नाल्याकाठचा मळा होता. विहिरीला बारमाही पाणी, आणि माती अशी की वांग्याचं रोप लावून पाठ फिरवावी तोवर ते गुडघ्याला लागावं. पण तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी नांदुरा होता. महाराष्ट्राचं नवं राज्य झालं होतं. नांदुऱ्यात सरकी काढायच्या जिनाचे भोंगे वाजत होते, मालधक्क्यावर कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती मावत नव्हती, यष्टीचं नवं स्टँड झालं होतं. आणि मुलींना मॅट्रिकपर्यंत शाळा होती. “पोट्टी हुशार हाये, तिले शिकवू. भाजी बी नांदुऱ्यातच इकू, दलालाच्या पाया पडायची गरज नाही,” म्हणत उकंडरावांनी मळा विकला, गावातलं घर भावाच्या हवाली केलं आणि पैसे कमरेला बांधून ते नांदुऱ्याला आले.

तिथं उत्तमराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्यानं गावाबाहेरच्या आपल्या वावरात चुन्याच्या रेघा मारून घरांचे पिलाट पाडले होते. वरच्या अंगाला बरड, नुसता मुरूम. खालच्या अंगाला, नाल्याकडं, काळी जमीन. भाव एकच. नांदुऱ्याची जुनी माणसं केव्हाच येऊन गुपचूप वरचे तुकडे धरून बसली होती. उकंडराव वर गेले, मुरूम पायानं उडवला आणि म्हणाले, “ह्या बरडात कुसळ बी उगणार नाही. येथं पैसे कोण टाकते?” मग खाली उतरले. एक ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं, आणि माणूस असा हरखला, असा हरखला, की उत्तमरावांच्या हातावर टाळीच दिली. “काळी माय हाये, राजेहो! लोणी हाये लोणी!”

परतताना गाडीत साऱ्या रस्त्यानं तेच. “शहरातले लोक शिकले, पण मातीतलं काय कळते त्यायले? त्याच भावात गोटे घेतले येड्या बह्याडायनं, अन् सोनं आपल्यासाठी ठेवलं.”

पेरायची जमीन वेगळी आणि राहायची वेगळी, हे उकंडरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की घरं पांढरीत असतात आणि वावर काळीत. पण धामणगावात पांढरी कुणी विकत घेत नाही. ती बापजाद्यांपासून पायाखाली असतेच. विकत घ्यायची म्हटली की ती काळीच, आणि तिची पारख जिभेनं करायची. हे त्यांच्या हाडात इतकं मुरलेलं होतं, की घर घ्यायला निघालेला माणूस वावर घेऊन आला आणि त्याला ते कळलंही नाही.

पहिलं साल झोकात गेलं. विटा-मातीच्या भिंती, वर टिनं, पुढं अंगण. अंगणात दोडका लावला तो टिनावर चढला. वरच्या ओळीतल्या बायका बघायला यायच्या, दोडके मागून न्यायच्या. जाताना एकमेकींकडं बघून हसायच्या, ते मात्र वच्छलाबाईंना तेव्हा समजलं नाही.

मग उन्हाळा आला आणि काळीनं आपला गुण दाखवला. अंगण फाटलं. एवढ्या रुंद भेगा की आत पडलेलं लिंबू सापडू नये. आणि अंगणात आलेली भेग उंबऱ्यापाशी थांबते थोडीच? ती पायव्याखालून गेली, भिंतीवर चढली आणि टिनापर्यंत पोचली. पावसाळ्यात माती फुगली तशा भेगा मिटल्या. उकंडराव म्हणाले, “पाह्य, भरली!” पण दाराची चौकट अशी आवळली की दार लाथ मारून उघडावं लागे. पुढच्या उन्हाळ्यात भेगा पुन्हा आल्या, आधीपेक्षा मोठ्या. पश्चिमेची भिंत बाहेर कलली. तिच्यातून आता संध्याकाळचं ऊन घरात येई आणि मायच्या पितळी भांड्यांवर पट्टा मारून जाई.

पोळ्याच्या सुमारास त्यांच्याच ओळीत निवृत्तीभाऊंची मागची भिंत भरदिवसा बसली. माणसं बाजारात होती म्हणून वाचली. खाली बांधलेली शेळी मात्र गेली. त्या दिवसापासून उकंडरावांनी पश्चिमेच्या भिंतीकडच्या बाजा उचलल्या. तिकडं आता रिकामी पोती आणि टोपल्या असत. पाऊस टिनावर बडवू लागला की माय, बाबा आणि द्वारका तिघंही चुलीच्या बाजूला गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि तिकडं बघत राहत. घरात ‘भेग’ हा शब्दच कुणी उच्चारत नसे. आणि द्वारकानं तर भाकरी खाता खाता सगळंच उघड्यावर आणलं!

दुसऱ्या दिवशी उकंडराव उत्तमरावांकडं निघाले. द्वारका मागं लागली. त्यांनी नको म्हटलं नाही, चल म्हटलं नाही.

उत्तमराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी पाणी दिलं, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “उकंडराव, मी तुम्हाले म्हटलं का, काळीतच घ्या म्हणून? दोन्ही जागा दाखवल्या. भाव एक सांगतला. तुम्ही जाणकार माणूस. माती तुम्हीच चाखली, तुम्हालेच पसंत पडली. आठोते का नाही?”

“आठोते,” उकंडराव म्हणाले.

“वर आता एकच तुकडा राह्यला. पाह्यजे तर घ्या. हे खालचं इका अन् वरचं घ्या. मी थांबतो थोडा.”

“खालचं कोण घेईन भाऊ?”

उत्तमराव हसले. “घेते ना. खेड्यावरून रोज कोणी ना कोणी येतेच.”

येताना बापलेक वरच्या ओळीतून आले. बेबीचं घर, मैनाचं घर. मुरमात बांधलेल्या भिंती ओळंब्यात सरळ, एक रेघ नाही. अंगणात मात्र गवताची काडी नव्हती. उकंडराव एकेका घरापाशी थांबत होते, लग्नघरात परक्या माणसानं थांबावं तसे. द्वारकाला कधी नव्हे ती बोलायची भीती वाटली. तिला फार वाटत होतं, बाबांनी एकदा ओरडावं तिच्यावर. ते ओरडले नाहीत.

आणि मग मोतीराम आला.

मोतीराम रोहिणखेडचा. भाजीवाला, उकंडरावांच्या शेजारीच बाजारात कोथिंबीर घेऊन बसायचा. त्यालाही मळा विकून नांदुऱ्याला यायचं होतं, त्याचीही पोरगी पाचवीत जाणार होती. “तुमच्यासारखं करावं म्हणतो उकंडभाऊ,” तो म्हणाला होता, “तुमच्या ओळीत कोणाचं घर निघालं तर सांगजा.” आणि उकंडरावांच्या तोंडून निघून गेलं, “माह्यंच हाये.”

हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा वच्छलाबाई कणीक मळता मळता थांबल्या. नवराबायकोची नुसती नजरानजर झाली. मग त्या उठल्या, हात धुतले आणि द्वारकाला म्हणाल्या, “टोपलं घे. पांढरी माती आणू. भिंती पोतारायच्या हायेत.”

द्वारका हुशार पोरगी. तिला काय ते लगेच कळलं. पण कळून तिनं न कळल्यासारखं केलं, कारण त्या घरात पहिल्यांदाच मायच्या पायात जोर दिसत होता. टोपलं घेऊन ती वरच्या अंगाला चढली, उतरली, माती भिजवली. शेण, माती आणि भुसा कालवून आधी भेगा बुजवल्या. पश्चिमेच्या भेगेत तर तिचा हात कोपरापर्यंत गेला. आत थंडगार होतं. बोटं पलीकडच्या उन्हाला लागली, तेव्हा तिनं झटकन हात ओढून घेतला. मग वरून पोतारा. एक हात, दोन हात. सुरेख, सपाट, पांढरीशुभ्र भिंत. बाहेरून कललेलं दिसू नये म्हणून उकंडरावांनी तिथं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचला. टोपल्या, पोती बाहेर गेली आणि त्या जागी बाज आली. बाजेवर मायनं आपल्या माहेरची गोधडी टाकली.

“चांगलं दिसून राह्यलं,” उकंडराव म्हणाले.

मोतीराम आला तो बायको कौशल्याबाई आणि लेक सोजरा यांना घेऊनच. आल्या आल्या घरात नाही शिरला. अंगणात शिरला. अंगण सगळं फाटलेलं. द्वारका दारातच थबकली. आता याला दिसणार! मोतीराम एका भेगेपाशी उकिडवा बसला. पऱ्हाटीची काडी आत सोडली. काडी गेली, अजून गेली, पार बोटापर्यंत गेली. आणि त्याचा चेहरा फुलला.

“कौशल्या, पाह्य वं! केवढी खोल फाटली! ह्याले म्हणते काळी!” त्यानं ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला. द्वारकानं बाबांकडं पाहिलं. मोतीरामनं चिमूट जिभेवर ठेवली तशी उकंडरावांची मान खाली गेली.

“लोणी हाये भाऊ!” मोतीराम म्हणाला. “अन् त्या वरच्या ओळीतले लोक त्या गोट्यायवर राह्यतात? बह्याड हायेत का बे हे शहरातले?”

“असन,” उकंडराव म्हणाले.

आत कौशल्याबाई भिंतीवरून हात फिरवत होत्या. “कोणं पोतारलं हे?”

“पोरीनं,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“बाई! काय हात हाये! एक वळ नाही.” त्यांनी द्वारकाची बोटं हातात घेतली. “आमच्या सोजीले शिकोजो बाप्पा. ह्या शाळेत पोरींयले मारतात का वं?”

द्वारका, जी टेशन मास्तराला भ्याली नाही, जिच्या भाषणाला टाळ्यांवर टाळ्या पडल्या, तिला साधं “नाही” म्हणता येईना. तिनं मान हलवली.

तेवढ्यात सोजरा धावत जाऊन पश्चिमेच्या बाजेवर चढली. गोधडीवर लोळली, पाय वर करून तळवे भिंतीला टेकवले आणि बोटांनी भिंतीवर ठेका धरला. “माय, मी अठीच झोपीन! हे माही जागा. कोणाले देणार नाही. दादाले बी नाही!”

“पाय काढ वं, पोतारा खराब होईन,” कौशल्याबाई हसून म्हणाल्या.

पोताऱ्याचा एक पापुद्रा सुटून गोधडीवर पडला. वच्छलाबाई चटकन पुढं झाल्या, सोजराला दोन्ही हातांनी उचललं आणि खाली ठेवलं. पण सोजरा त्यांच्या हातांत असताना त्या भिंतीकडं कशा पाहत होत्या, ते द्वारकानं पाहिलं. दर पावसात चुलीपाशी बसून त्या तिकडं तशाच पाहायच्या.

मोतीरामनं चहा घेतला, सुपारी घेतली. परवाच्या बाजारी येऊन इसाराचे पैसे देतो आणि बायकापोरांना पाऊस पडायच्या आत आणतो म्हणाला. कोपऱ्यापर्यंत जाऊनसुद्धा तो मागं वळून अंगणाकडंच बघत होता.

दिवे लागले. कंदिलाची काच पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं, काजळीतून जेमतेम उजेड येत होता. बाजेवरची गोधडी वच्छलाबाईंनी घडी करून ठेवली, आणि बाज पुन्हा चुलीकडं ओढली. ओढताना कुणी कुणाला सांगितलं नाही. तिघांनीही हात लावला.

“झालं बा एकदाचं,” माय म्हणाली. तिचा आवाज झाल्यासारखा नव्हता.

“बाबा,” द्वारका म्हणाली.

“नको बोलू,” उकंडराव म्हणाले.

“बाबा, ती पोरगी त्या भिंतीखाली झोपणार हाये.”

“मी त्याले काय खोटं सांगतलं?” उकंडराव एकदम उसळले. एवढ्या दिवसांचं सगळं त्या आवाजात आलं. “एक शब्द खोटा बोललो का मी? माती त्यानंच चाखली. त्यालेच पसंत पडली!”

“उत्तमराव बी असंच म्हणले होते.”

उकंडरावांनी हात उगारला. पोरीला आयुष्यात कधी बोट लावलं नव्हतं त्या माणसानं. हात खाली आला तो स्वतःच्याच कपाळावर. एकदा, दोनदा. वच्छलाबाईंनी तो धरला.

“मंग काय करावं सांग ना!” माय द्वारकावर फुटली. “तू लय शहाणी झाली ना आता? सांग! हे गेलं नाही तर वरचा तुकडा गेला. येत्या पावसात भिंत आली तर आपण तिघं खाली. नाही आली तरी गावचं घर भावाले देऊन बसलो, मामाच्या गोठ्यात जाऊन राहा. तुही शाळा खतम. सालभरात तुले उजवून मोकळे होतीन लोक. हे पाह्यजे तुले? दुसऱ्याच्या लेकरासाठी?”

माय बोलत होती त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. द्वारकाला मामाचा गोठा माहीत होता. तिथला गोमुताचा वास आणि दाव्याला बांधलेली म्हैस. मॅट्रिकची पुस्तकं तिथं कुठं ठेवायची? बेबी आणि मैना येतील का भेटायला? येणार नाहीत. कोण येतं! रडू इतकं आलं की तिला ओठ चावावे लागले. संमेलनात माईकसमोर उभं राहताना जी भीती वाटली होती, ती पहिल्या वाक्यानंतर विरघळली होती. ही भीती तसली नव्हती. ही बोलल्यानंतरच मोठी होणार होती.

“मले भेव लागून राह्यलं माय,” ती म्हणाली.

“आम्हाले नाही लागत का?” वच्छलाबाईंचा आवाज फाटला.

उकंडराव जमिनीकडं बघत होते. त्यांच्या बोटांत अजून, मोतीराम गेल्यावर अंगणातून उचललेल्या ढेकळाची काळी माती होती. ते ती चोळत होते, चोळत होते, जशी काही जाणारच नव्हती.

द्वारका उठली. दप्तर घेतलं, त्यातली पुस्तकं काढून कोनाड्यात ठेवली आणि रिकाम्या दप्तरात एक भाकरी फडक्यात बांधून टाकली.

“मी सकाळच्या पहिल्या यष्टीनं रोहिणखेडले जाऊन राह्यली,” ती म्हणाली. कुणी मधे बोलायच्या आत तिनं पुढचं सांगून टाकलं. “मोतीरामकाकाले अन् काकूले सारं सांगणार हाये. भिंतीचं, निवृत्तीभाऊच्या शेळीचं, मी भेगा बुजवल्या त्याचं बी. मंग जे होईन ते होईन. शाळा गेली तर जाऊ द्या. तुम्ही मले मारा, कोंडा, पण मी सांगितल्याबिगर राह्यत नाही. बाबा, तुम्ही येत असान तर सोबत चाला. नाही आले तरी मी जाणारच हाये.”